अडकलेल्या पुंगळीची साक्ष

मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा वांटा ज्या डोंगरांत पडतो, तो शहापूर तालुक्याचा मुलूख शहरवासीयांना बहुधा आगगाडीच्या खिडकींतूनच ठाऊक असतो. तानसा तलाव येथें १८९२ सालीं बांधून पुरा झाला. भातसा नदीवरील धरण त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं उभें राहिलें. शेजारच्या मुरबाड तालुक्यांतून माळशेज घाटाची वाट सह्याद्रीवर चढते. या दोन्ही तालुक्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो. त्या पावसावर भात पिकतें, आणि भात पोटरींत आलें कीं रानडुकरांचे कळपही खाचरांत उतरूं लागतात. वर्षाची बेगमी एका रात्रींत तुडविली जाते. म्हणून माळ्यावर बसून राखण करणें हा तेथील कुणब्याच्या, ठाकराच्या आणि कोळ्याच्या वर्षाचा ठरलेला भाग आहे. बहुतेकांजवळ गोफण, वाजवावयाचा डबा आणि पलिता एवढींच साधनें असतात. एखाद्याच घरीं परवान्याची बंदूक असते, आणि रायफल त्याहूनही विरळा.

याचें कारण कायद्यांतच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानें पीकरक्षणासाठीं प्रथम तोंडानें ठासावयाची बंदूक पुरेशी मानली आहे; ती पुरी पडणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देतां येते. आंत पेच कोरलेल्या नळीची रायफल ही त्यापुढची गोष्ट. शिवाय हत्याराचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या जनावरावर गोळी झाडावयाची, तर अधिकारी व्यक्तीची लेखी परवानगी आधीं हातीं असावी लागते.

हें सर्व रीतसर झालें आहे असें समजून कार्तिकांतली एक रात्र डोळ्यांपुढें आणावी. माळ्यावर बसलेला माणूस हाताचा सराईत आहे. रायफल इशापूरच्या कारखान्यांत बनलेली, .३१५ बोअरची, वडिलांमागून मुलाच्या नांवावर कायदेशीरपणें झालेली. पहांटेच्या सुमारास बांधाशीं हालचाल होते. पहिली गोळी सुटते, डुकर जखमी होतें, परंतु पडत नाहीं. राखणदार बोल्टाचा दांडा उचलूं पाहतो. तो जड जातो. जोर करून मागें ओढल्यावर बोल्ट येतो, पण तो मोकळाच. रिकामी पुंगळी नळींत घट्ट बसून राहते आणि दुसरें काडतूस आंत जाऊं शकत नाहीं. हातांत रायफल असून नसल्यासारखी होते. जखमी जनावर करवंदीच्या जाळींत शिरतें. आणि दोन तासांनीं त्याच जाळीशेजारच्या खाचरांत कापणीसाठीं बायामाणसें उतरणार असतात.

अशा वेळीं सगळा दोष रायफलीला दिला जातो. कोणी दांड्यावर दगड मारतो, कोणी नळींत तेल ओततो, कोणी रायफल जुनी झाली म्हणून कपाळाला हात लावतो. वास्तविक त्या अपघाताचा साक्षीदार समोरच असतो, आणि तो म्हणजे ती अडकलेली पुंगळी. ती बाहेर निघाल्यावर फेंकून न देतां उजेडांत धरून पाहिली, तर दोष आकड्याचा, नळीचा, कीं ज्या घरांत काडतुसें वर्षभर पडून होतीं त्या घराचा, हें ती बहुतेक वेळां स्वतःच सांगते. ती साक्ष समजण्यासाठीं गोळी सुटतांना आंत काय घडतें तें प्रथम पाहिलें पाहिजे.

काडतुसाची पुंगळी पितळेची असते. शंभर भागांत सत्तर भाग तांबें आणि तीस भाग जस्त असें हें पितळ असून, त्याच्या चकतीला कारखान्यांत पायरीपायरीनें ओढून लांब पेल्याचा आकार देतात. नळीच्या मागल्या टोंकाला काडतुसाच्याच आकाराची एक पोकळी असते. तिला चेंबर म्हणतात. बुडाच्या टोपीवर खिळा बसला कीं आंतील दारू पेटते, आणि निमिषार्धांत विलक्षण दाब उत्पन्न होतो. जुन्या .३०३ रायफलींत हा दाब दर चौरस इंचास अठरा टनांच्या घरांत जात असे. त्या दाबानें पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला सर्व बाजूंनीं चिकटते. हें चिकटणें दोष नसून गुण आहे, कारण त्यामुळेंच तप्त वायु मागें फुटून झाडणाराच्या तोंडावर येत नाहीं. गोळी नळीबाहेर पडली कीं दाब ओसरतो, आणि पितळेच्या अंगीं असलेल्या लवचीकपणामुळें पुंगळी पुन्हां किंचित् आकसते. तिच्यांत आणि भिंतींत केसाएवढी फट पडते. मग दांडा उचलतांना ती सैल होते, आणि बोल्टाच्या तोंडाशीं असलेला लहानसा आकडा तिच्या बुडाची कड धरून तिला बाहेर ओढतो.

म्हणजे पुंगळी बाहेर येण्यासाठीं तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पितळ आकसलें पाहिजे, भिंत गुळगुळीत पाहिजे आणि आकड्याची पकड पक्की पाहिजे. तिहींपैकीं कोणती चुकली याचा शोध उलट्या क्रमानें, म्हणजे आकड्यापासून घेणें सोईचें पडतें.

प्रथम पुंगळीच्या बुडाची कड पाहावी. कडेवर कांहींच खूण नसेल, तर आकड्यानें तिला नीट धरलेलेंच नाहीं. आकड्याखालीं वाळलेलें तेल, गवताचें कुसळ, राब भाजतांना उडालेली राख किंवा पितळेचा कीस साठला असेल. नाहीं तर त्याला दाबून धरणारी स्प्रिंग थकली असेल. हा दोष किरकोळ समजावा. कोरड्या फडक्यानें आणि बारीक काडीनें ती जागा साफ केली कीं पुष्कळदां काम भागतें. न भागल्यास स्प्रिंग बदलणें हें परवानाधारक कारागिराचें थोडक्या वेळाचें काम आहे. उलट, कड जर ओरबाडलेली किंवा तुटलेली असेल, तर आकड्यानें आपलें काम चोख बजावलें आहे. त्यानें जीव तोडून ओढलें आणि पुंगळी सुटली नाहीं. अशा वेळीं नवा आकडा बसविणें म्हणजे बंद दार उघडत नाहीं म्हणून कडी बदलण्यासारखें आहे.

मग दृष्टि पुंगळीच्या अंगाकडे वळवावी. अंगावर उभे ओरखडे दिसले, तर चेंबरची भिंत खरखरीत झाली आहे. कोंकणपट्टींत याचें नेहमींचें कारण गंज. जुन्या सैनिकी काडतुसांच्या टोपींत पोटॅशियमचा एक क्षार असे. तो जळल्यावर मिठासारखी राख नळींत मागें राही, आणि पावसाळ्यांत मिठाच्या बरणीला जसें पाणी सुटतें तसें त्या राखेलाही सुटे. तेल पुसून ही राख निघत नाहीं, कारण ती तेलांत विरघळत नाहीं. पाण्यांत मात्र लगेच विरघळते. म्हणूनच .३०३ वापरणाऱ्या पलटणींत गोळीबारानंतर नळींतून कढत पाणी ओतण्याचा रिवाज होता. कढत पाणी क्षार धुऊन नेतें आणि तापलेली नळी आपोआप सुकते; त्यानंतर तेलाचा हात. हा क्रम उलटा केल्यास तेलाखालीं गंज सुखानें वाढतो. येथें आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. तेल राखणीसाठीं आहे, झाडण्यासाठीं नव्हे. गोळी झाडण्यापूर्वीं चेंबर कोरडें पुसलें नाहीं, तर पुंगळीला भिंतीचा आधार मिळत नाहीं आणि सगळा धक्का बोल्टावर येतो. सैल होण्यासाठीं म्हणून काडतुसांना तेल चोपडणारा माणूस रायफलीचें आयुष्य कमी करीत असतो.

अंगावर हिरवे डाग दिसले, तर तें पितळ कळकलेलें आहे. पितळी भांडें आंबटानें कळकतें हें घरांतील कोणाही गृहिणीला ठाऊक आहे. काडतुसाला आंबट कोठून मिळतें, तर तें चामड्याच्या पट्ट्यांतून. चामडें कमावतांना वापरलेलीं द्रव्यें दमट हवेंत पितळेला आणि तांब्याला खातात. वर आलेला हिरवा थर चेंबरमध्यें भाजून भिंतीला डिंकासारखा धरतो. अमेरिकेंत १८७६ सालच्या जूनमध्यें लिटल बिगहॉर्न नदीकांठीं कस्टर या सेनानीच्या तुकडीचा रेड इंडियनांकडून नाश झाला, तेव्हां या दोषाची मोठीच चर्चा झाली. त्या तुकडीचीं काडतुसें नरम तांब्याचीं होतीं आणि चामड्याच्या पट्ट्यांत खोंवलेलीं असत. पराभवाचें खापर अनेकांनीं अडकलेल्या पुंगळ्यांवर फोडलें. पुढें १९८४ सालीं त्या रणभूमीचें शास्त्रीय उत्खनन सुरू झालें. तेव्हां सांपडलेल्या पुंगळ्यांत खरवडून काढल्याच्या खुणा थोड्यांवरच आढळल्या. दोष खरा होता, पण पराभवाचें सगळें ओझें त्याच्यावर टाकणें खरें नव्हतें. पुंगळ्यांची साक्ष माणसांच्या आठवणींहून अधिक विश्वासू ठरली.

इंग्रजी सैन्यालाही असाच धडा मिळाला. त्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलीचें काडतूस सुरुवातीस पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेलें असे. सुदानच्या वाळवंटांत १७ जानेवारी १८८५ रोजीं अबू क्लीआ येथें झालेल्या लढाईंत तापलेल्या नळ्यांत तीं काडतुसें अडकलीं आणि आकड्यांनीं त्यांचीं बुडें फाडलीं. यानंतर गुंडाळलेल्या पत्र्याची जागा एकसंध ओढून केलेल्या पुंगळीनें घेतली. आजची पुंगळी ही अशा अनेक अपघातांची पुढची पिढी आहे.

परंतु शहापूर-मुरबाडच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची साक्ष तिसरी आहे, आणि ती हिंदुस्थानांतच प्रथम उजेडांत आली. ती म्हणजे पुंगळीला गेलेला तडा. येथील इंग्रजी फौजेंत पावसाळा आला कीं मोहिमा थांबत आणि काडतुसें कोरडा मोसम येईपर्यंत तबेल्यांत ठेवलीं जात. मोसम पालटल्यावर तीं बाहेर काढावीं, तों हातही न लागलेल्या पुंगळ्यांच्या तोंडाशीं तडे! काडतूस झाडलेलें नाहीं, आपटलेलें नाहीं, तरी तें चिरलेलें. विशिष्ट ऋतूंत जाणारा तडा म्हणून इंग्रजींत त्याचें नांवही ऋतूवरूनच पडलें. प्रथम दोष पावसाला दिला गेला. पण पाऊस इंग्लंडांतही पडतो, आणि हिंदुस्थानांतल्या सगळ्याच कोठारांत काडतुसें चिरत नसत.

या कोड्याचा उलगडा मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केला. गुन्हेगार पाणी नव्हतें, तर तबेल्यांतली हवा होती. घोड्यांचें मूत्र कुजलें कीं त्यांतून अमोनिया वायु सुटतो. नाकाला झोंबणारा तो वास सर्वांच्या परिचयाचा आहे. पावसाळी दमट हवेंत हा वायु पितळेवर जमलेल्या ओलाव्यांत विरघळतो आणि त्यांतील तांब्यावर हल्ला करतो. तरीही एवढ्यानें पितळ चिरलें नसतें. चकतीला ओढून पुंगळी करतांना धातूच्या अंगांत ताण राहून जातो. गोळी पकडण्यासाठीं तोंड आवळतांना तो आणखी वाढतो. बाहेरून शांत दिसणारी पुंगळी आंतून ताणलेल्या तारेसारखी असते. अमोनिया त्या ताणलेल्या धातूच्या कणाकणांमधील सांध्यांत शिरतो आणि तार तुटते. ताण, ओलावा आणि अमोनिया हे तिघे एकत्र आले तरच तडा जातो. एकाला दूर केलें कीं उरलेले दोघे निरुपद्रवी होतात.

उपाय यांतूनच निघाला. ओलावा हिंदुस्थानांतून घालविणें कोणाच्या हातीं नव्हतें. परंतु ताण घालविणें कारखान्याच्या हातीं होतें. पुंगळी तयार झाल्यावर ती बेतानें तापविली कीं धातूचें अंग सैल पडतें. सैनिकी काडतुसांच्या तोंडाजवळ जो निळसर-तपकिरी पट्टा अनेकदां दिसतो, तो डाग नसून या तापविण्याची खूण आहे. पुण्याजवळ खडकी येथें काडतुसांचा कारखाना १८६९ पासून आहे. तेथल्यासारख्या कारखान्यांतून आज बाहेर पडणारें नवें काडतूस त्या जुन्या काडतुसांहून पुष्कळ निर्धोक असतें. पण निर्धोक म्हणजे अमर नव्हे. वीस-पंचवीस वर्षें पडून राहिलेलीं, हातोहात फिरलेलीं काडतुसें कोणत्या हवेंत राहिलीं याचा हिशेब कोणीच ठेवलेला नसतो.

आतां शहापूर किंवा मुरबाडकडील जुन्या वळणाचें घर पाहावें. एकाच छपराखालीं पुढें ओटी, मध्यें माजघर, आणि बाजूला किंवा मागें गुरांचा गोठा. पावसाळ्यांत गुरें दिवस दिवस आंतच बांधलेलीं असतात, आणि गोठ्यावरचा माळा ही घरांतली सर्वांत आडबाजूची जागा असते. मुलांच्या हातीं लागूं नयेत या चांगल्या हेतूनें काडतुसें तेथेंच, बहुधा आजोबांच्या चामडी पट्ट्यासकट, ठेवलीं जातात. घोड्याच्या तबेल्याची जागा येथें बैलाच्या गोठ्यानें घेतली, एवढाच काय तो फरक. ओलावा तोच, अमोनिया तोच, आणि वर चामड्याची भर. कार्तिकांतल्या पहांटे जी पुंगळी अडकली, तिच्या अडकण्याला आषाढांतच सुरुवात झालेली असते.

तोंडाशीं उभा तडा असलेलें काडतूस झाडलें कीं तप्त वायु तड्यांतून पुंगळी आणि भिंत यांच्यामध्यें शिरतो, काजळी धरते आणि पुंगळी जखडते. म्हणून उभा तडा दिसला कीं दोष काडतुसांच्या साठवणीचा समजावा आणि त्या डब्यांतलीं उरलेलीं सर्व काडतुसें बाजूला काढावीं. परंतु तडा जर आडवा, बुडापासून थोड्या अंतरावर बांगडीसारखा फिरलेला असेल, तर गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर आहे. झिजलेल्या रायफलींत बोल्टाचें तोंड आणि नळी यांच्यामधील अंतर वाढतें. झाडतांना पुंगळी त्या अंतराएवढी लांबते आणि शेवटीं तुटते. बूड बोल्टाबरोबर बाहेर येतें, पुढचा नळकांड्यासारखा भाग आंत राहतो. अंधारांत बूड हातीं आलें म्हणजे पुंगळी निघाली असें वाटतें, आणि दुसरें काडतूस जोरानें आंत कोंबलें जातें. हा प्राणघातक मोह होय. अशी रायफल मापून घेतल्याशिवाय पुन्हां हातीं धरूं नये.

गुळगुळीत नळीच्या बारा बोअर बंदुकीलाही हाच न्याय थोड्या फरकानें लागू पडतो. तिचीं जुनीं कागदी काडतुसें पावसाळी हवेंत फुगत, आणि आंत जातांना किंवा बाहेर येतांना अडत. प्लॅस्टिकच्या काडतुसांनीं ती तक्रार बरीच कमी केली. मात्र त्यांचें बूड धातूचेंच असतें आणि तेंही कळकतें.

प्रत्यक्ष पुंगळी अडकली त्या क्षणीं करावयाचें थोडें आहे, आणि न करावयाचें अधिक. नळीचें तोंड सुरक्षित दिशेला ठेवून बोट घोड्यावरून काढावें. चाप ओढूनही आवाज झाला नसेल, तर काडतूस उशिरां पेटण्याचा संभव असतो; म्हणून निदान एक मिनिट बोल्टाला हात लावूं नये. आवाज झाला असेल, तर प्रथम मॅगझीन काढून घ्यावें आणि मग हाताच्या जोरानें एकदोनदां दांडा ओढून पाहावा. दगड, हातोडा किंवा पायाची टाच यांचा उपयोग करूं नये. आंत उरली आहे ती झाडलेली पुंगळीच आहे याची पूर्ण खात्री असेल, तरच नळीच्या तोंडाकडून सफाईचा गज घालून ती हलक्या हातानें ढकलावी. गज घालतांना देह नळीच्या समोर येऊं देऊं नये. तुटलेला भाग आंत राहिला असेल, तर तो काढण्याचें खास हत्यार असतें, आणि तें कारागिराच्याच हातीं शोभतें. आणि जखमी जनावर रानांत असेल, तर बिघडलेल्या रायफलीशीं झटत बसण्यापेक्षां गांवाला व वनखात्याला तत्काळ कळविणें हें पहिलें कर्तव्य. त्या सकाळची कापणी थांबली तर एक दिवस जातो. न थांबली तर माणूस जाऊं शकतो.

आधींची काळजी मात्र याहून सोपी आणि स्वस्त आहे. काडतुसें चामड्याच्या पट्ट्यांतून काढून, कोरड्या फडक्यानें पुसून, घट्ट झांकणाच्या लोखंडी पेटींत कुलपाखालीं ठेवावीं. पेटी गोठ्यापासून दूर, माजघरांत असावी. चुलीच्या आंचेला लागून असूं नये. पावसाळा संपतांना, दसऱ्याला शस्त्रांची पूजा करावयाची तेव्हां, प्रत्येक काडतूस उजेडांत फिरवून पाहावें. हिरवा डाग, तोंडाशीं चीर किंवा सैल झालेली गोळी आढळली, तर तें काडतूस घरीं मोडूं नये, चुलींत किंवा विहिरींत टाकूं नये. परवानाधारक विक्रेत्याच्या किंवा पोलीस ठाण्याच्या सल्ल्यानें त्याची वाट लावावी.

शहरांतील घरांत रायफल नसते, पण पितळ असतें. न्हाणीघरांतला पितळी नळ किंवा पाण्याची पितळी जोडणी जेव्हां कांहीं कारण नसतां चिरते, तेव्हां तिच्याही अंगांत तोच कोंडलेला ताण असूं शकतो आणि जवळपास कोठें तरी अमोनियाची बाटली. धातु मुका खरा, पण त्याच्यावर उमटलेली खूण खोटें बोलत नाहीं. डोंगरापलीकडच्या त्या माळ्यावर बसलेल्या राखणदारानें सकाळीं हातांतली पुंगळी जाळींत न भिरकावतां खिशांत घातली, तर पुढच्या वर्षींच्या कार्तिकांत त्याची दुसरी गोळी वेळेवर सुटेल.